बारबेल, डंबेल आणि आईचं डमरू

आयटीतल्या माणसाला कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की आधी एक्सेल उघडावं लागतं. हा आजार आहे आणि त्यावर औषध नाही. मागे कुकर घेतानासुद्धा मी चार कॉलम केले होते (तोवर बायको दुकानात जाऊन कुकर घेऊन आली, तो भाग वेगळा). तर घरच्या घरी व्यायाम करायचं ठरल्यावर साहजिकच नवीन शीट उघडली. दोनच कॉलम. बारबेल आणि डंबेल. वाटलं, एका संध्याकाळचं काम आहे. लागले अडीच महिने. त्या अडीच महिन्यांत मी एक किलोही उचलला नाही, हे वेगळं सांगायला नकोच :-)

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. घरासाठी आधी डंबेल घ्या. बार नंतर, जमलं तर. पण ज्या कारणामुळे मी हे आज इतक्या ठामपणे म्हणतोय, ते कारण माझ्या शीटमध्ये नव्हतंच. म्हणून हा लेख.

थोडी पार्श्वभूमी. आम्ही नांद्याला राहतो. म्हाळुंग्याच्या पुढे, मुळशी तालुक्यात. गॅलरीतून डोंगर दिसतो, रात्री झोप शांत लागते, आणि हिंजवडी नकाशावर अगदी हाकेच्या अंतरावर आहे. नकाशावर. संध्याकाळी सात वाजता ती हाक पोचायला किती वेळ लागतो ते इथे राहणाऱ्यांना विचारा. मी बालेवाडीच्या बाजूला एका जिमची वर्षाची फी भरली होती. वर्षभरात एकोणीस वेळा गेलो. फी भागिले एकोणीस केलं, तेव्हा त्या पैशात दर वेळी सहकुटुंब बाहेर जेवता आलं असतं असं निघालं. मग ठरलं की व्यायाम घरीच.

आता बारबेलची बाजू. ती खरंच भक्कम आहे, उगाच खोडून काढणार नाही. ताकद वाढवण्याचं मूळ तत्त्व एकच: शरीराला आज जे जड जातंय त्याची सवय झाली की थोडं आणखी जड द्यायचं. हे 'थोडं' बारवर फार सोयीचं होतं. ६० किलोच्या बारला दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलोची प्लेट लावली की ६२.५. म्हणजे जेमतेम ४ टक्के वाढ. उलट तयार डंबेलच्या जोडीत १० नंतर एकदम १२.५ येतं. म्हणजे २५ टक्के! पगार असा वाढला तर कुणाची तक्रार नाही, पण खांद्याची असते. शिवाय पाय आणि पाठ हे शरीरातले सगळ्यात ताकदवान स्नायू. त्यांना वर्षभरात डंबेल अपुरे पडायला लागतात. आणि दोन हात एकाच दांड्याला जखडलेले असले की तोल सांभाळण्यात ताकद वाया जात नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका नॉर्वेजियन अभ्यासात त्याच माणसांनी बेंच प्रेस बारबेलवर आणि डंबेलवर केला, तर डंबेलवर एकूण वजन साधारण १७ टक्के कमी उचललं गेलं.

म्हणजे निव्वळ आकड्यांचा खेळ असेल तर बार जिंकला. माझ्या शीटमध्येही तोच जिंकत होता. मनातून मला तोच हवा होता, हेही कबूल करतो. ऑलिम्पिकमध्ये २००० साली कर्णम मल्लेश्वरीने आणि टोकियोत मीराबाई चानूने जो उचलला तो बार. कॉलेजच्या वयात पाहिलेलं चित्र डोक्यातून जात नाही. डंबेल म्हटलं की मात्र आठवतात ते आरशासमोर बायसेप फुगवणारे लोक.

मग टेप घेऊन मोजायला बसलो. पुरुषांचा ऑलिम्पिक बार २.२ मीटर लांब, म्हणजे सव्वासात फुटांच्या आसपास. वजन रिकाम्याचंच २० किलो. आमची तिसरी बेडरूम बिल्डरच्या कागदावर १० बाय ११. तिच्यात कपाट, इस्त्रीचं टेबल आणि वाळत घातलेले कपडे (हे कायमस्वरूपी बांधकाम समजावं). बार आडवा धरून वळलो तर खिडकीची काच तरी जाणार नाहीतर कपाटाचा आरसा तरी. पाच फुटी रॉड मिळतो, तो मावतो.

मग फ्लोअरची काळजी. राहत्या घराच्या स्लॅबसाठी आपल्याकडच्या मानकात दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरलेला असतो. म्हणजे कोपऱ्यात शंभर किलोच्या प्लेट्स ठेवल्याने इमारत पडत नाही, ती भीती काढून टाका. पण ठेवणं वेगळं आणि आदळणं वेगळं. डेडलिफ्ट करताना साठ किलो हातातून सुटले तर स्लॅबला काही होईल न होईल, खालच्या मजल्यावरचे काका मात्र वर येतील. रिटायर्ड आहेत, दुपारी झोपतात, आणि सोसायटीच्या कमिटीवर आहेत. तिन्ही गोष्टी माझ्या विरोधात.

एवढं होऊनही पारडं बारकडेच होतं. कारण तेवढ्यात एका मित्राची बंगलोरला बदली झाली आणि त्याने पाच फुटी रॉड, बेंच आणि प्लेट्स 'महिनाभर ठेव रे' म्हणून आमच्याकडे आणून टाकल्या. फुकटचा ट्रायल पिरियड! मी शीट बंद केली आणि सुरू झालो.

तिसऱ्या आठवड्यातला रविवार. बायको आईला घेऊन भाजी आणायला गेलेली. मी बेंचवर उताणा, बारवर ४५ किलो. सात वेळा वर गेला. आठव्यांदा खाली आला आणि वर जाईना. छातीवर बसला तो बसलाच. जिममध्ये अशा वेळी डोक्याशी कुणीतरी उभं असतं, किंवा बार अडवायला दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे असतात. माझ्या डोक्याशी इस्त्रीचं टेबल होतं. एका बाजूला कलंडवून प्लेट्स पाडून टाकाव्यात असं वाचलेलं, पण मी मोठ्या शिस्तीत दोन्हीकडचे नट करकचून आवळले होते. शेवटी तो दांडा छातीवरून पोटावर, पोटावरून मांडीवर असा लाटण्यासारखा लाटत नेला आणि उठून बसलो. पोटावर आडवा लाल पट्टा. चार दिवस हसताना दुखत होतं. गळ्यावर बसला असता तर... असो.

दुसऱ्या दिवशी दूधवाले मामा आले तेव्हा त्यांना पॅसेजमध्ये रॉड दिसला. मामा तरुणपणी तालमीत जायचे. मुळशीत त्या पिढीत तालमीची पायरी न चढलेला माणूस सापडणं अवघड. म्हणाले, "साहेब, आमच्या टायमाला नाल होती, करेल होती, जोडी होती. वस्ताद आधी काय शिकवायचे माहितीये? उचलायचं नाय. ठेवायचं कसं ते. उचलतंय कुणीबी."

हे वाक्य आमच्या धंद्यातलंही आहे बघा. सिस्टिम चालते तेव्हा कशी चालते हे सगळेच दाखवतात. पडते तेव्हा कशी पडते, हे विचारणारा खरा इंजिनिअर. डंबेल घेऊन झोपलात आणि हात थकले तर ते दोन बाजूंना जमिनीवर जातात. तुम्ही मध्ये असता, मोकळे. बार थकवतो तेव्हा तुम्ही त्याच्या खाली असता. एकट्याने, घरी, बंद दाराआड व्यायाम करणाऱ्यासाठी हा एक मुद्दा सतरा टक्क्यांपेक्षा मोठा आहे. (ज्यांच्याकडे दांडे असलेला पक्का रॅक आहे त्यांना हे लागू नाही. पण रॅक आला की पुन्हा जागा आली.)

इथपर्यंत आलो होतो. डंबेल ६०, बार ४०, असं म्हणा. मग पावसाळ्यात आई पडली.

पडली म्हणजे फार काही नाही. पार्किंगमध्ये ओल्या फरशीवर पाय घसरला, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. वय सदुसष्ट. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी हाडांची घनता तपासायला सांगितली, ती कमी निघाली. गोळ्या सुरू झाल्या. प्लास्टर निघाल्यावर हात पाहिला तर काठीसारखा झालेला. ज्या हाताने तिने आयुष्यभर पाच-पाच किलोचे पिठाचे डबे माळ्यावर चढवले, त्या हाताला आता चहाचं भांडं धरवेना. मला जास्त लागलं ते वेगळंच. ती खुर्चीतून उठताना हातावर जोर द्यायची ते मी कधी बघितलंच नव्हतं. हात मोडला तेव्हा कळलं की पायात तेवढी ताकद उरलेली नाही. ती बहुतेक हळूहळू, कित्येक वर्षं जात होती. आणि मी आतल्या खोलीत माझ्या बायसेपची शीट करत होतो.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मनगटाचे व्यायाम दिले, आणि पुढच्या टप्प्यात स्पष्ट सांगितलं की वजन घेऊन व्यायाम हवा. आई म्हणाली, "या वयात?" मलाही तोच प्रश्न पडला होता. मग वाचत गेलो. बोस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना वृद्धाश्रमात आठ आठवडे पायांसाठी वजनाचा व्यायाम दिला होता. आठवडे पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या आसपास वाढली. नव्वदीत! जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक सूत्रं सगळ्या प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगतात आणि पासष्टीच्या पुढे तोल आणि ताकदीवर भर देणारा व्यायाम तीन किंवा जास्त दिवस. म्हणजे माझ्यापेक्षा आईला जास्त!! आपल्याकडे नेमकं उलटं. वजनं पंचविशीतल्या मुलाची आणि आईला 'जरा चालून ये'. चालणं चांगलंच आहे, पण चालून खुर्चीतून उठता येत नाही.

आता त्या पाच फुटी रॉडकडे पुन्हा बघा. ऑलिम्पिक बार तर सोडाच, तो रिकामाच पाण्याच्या वीस लिटरच्या जारएवढा जड. पाच फुटी हलका असतो. पण बाराची खरी अडचण वजन नाहीच. तो दोन्ही हातांकडून एकच काम मागतो. आईचा डावा हात ३ किलो सहज उचलत होता आणि उजव्याला १ किलो भारी होत होता. असा दांडा जगात नाही की जो एका टोकाला एक किलो आणि दुसऱ्या टोकाला तीन किलो असून सरळ राहील. डंबेल मात्र हातागणिक वेगळा. उजव्याला एकचा, डाव्याला तीनचा. सहा महिन्यांनी दोन्हीकडे तीनचा. माझ्या अडीच महिन्यांच्या शीटमध्ये 'हा कोण उचलणार' असा कॉलमच नव्हता. मी धरूनच चाललो होतो की 'मी'.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर जाणकार कान धरतील. बारबेल म्हाताऱ्या माणसांसाठी नाहीच, असं मी म्हणत नाहीये. ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कमी हाडघनता असलेल्या, सरासरी पासष्ट वर्षांच्या १०१ बायका होत्या. त्यातल्या अर्ध्यांकडून आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास चांगल्या जड वजनाचे डेडलिफ्ट आणि स्क्वॉट करून घेतले. बारबेलवर! कण्याच्या हाडांची घनता वाढली. पण त्यातला कळीचा शब्द 'करून घेतले' हा आहे. प्रत्येक वेळी समोर प्रशिक्षित माणूस उभा होता. घरी आम्ही दोघं नोकरीवर, आई एकटी. वस्ताद समोर असेल तर बार जरूर धरा. वस्ताद नसेल तर जे पडलं तरी चालेल असं धरा.

याच विषयावर एक जुनी गोष्ट आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (औंध म्हणजे साताऱ्याकडचं. आपलं ब्रेमेन चौकवालं नव्हे!). एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युजीन सँडो या पहिलवानाचा जगभर बोलबाला होता. भवानरावांनीही १८९७ च्या सुमारास सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवली आणि दहाएक वर्षं नेमाने त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग आयुष्यभर तेच. पण नुसते स्वतः नाही. राणीसाहेब घालायच्या, मुलं घालायची, संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे झाले. सूर्यनमस्कार सँडोपेक्षा शास्त्रीयदृष्ट्या श्रेष्ठ की नाही, या वादात मला पडायचं नाही (मोडलेल्या मनगटावर सूर्यनमस्कार कुणी सुचवूही नये). मला त्यातलं एवढंच भावलं की सतरंजी एका राजाची राहिली नाही, सगळ्या घराची झाली. घरातला व्यायाम असा असावा.

तर शेवटी घेतलं काय? माझ्यासाठी १४ इंची दोन डंबेल रॉड आणि कास्ट आयर्नच्या सुट्या प्लेट्स. आईसाठी एक, दोन आणि तीन किलोच्या तयार जोड्या. चुकांमधून शिकलेलं थोडं सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल:

१. सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेट्स स्वस्त पडतात, पण आपटल्या की तडकतात आणि मग घरभर भुकटी. लोखंडी घ्या. पुन्हा विकतानाही किलोवर भाव येतो.

२. अर्ध्या किलोच्या चार प्लेट्स शोधून घ्या. म्हणजे प्रत्येक डंबेल एकेका किलोने वाढवता येतो आणि वर म्हटलेली २५ टक्क्यांची उडी टळते.

३. प्लेटचं भोक मोजून घ्या. साध्या घरगुती रॉडच्या प्लेट्सचं भोक इंचाहून जरा मोठं, ऑलिम्पिक बारच्या प्लेट्सचं ५० मिलिमीटरचं. पुढेमागे पाच फुटी रॉड घ्यायचा तर त्याच प्लेट्स त्यावर बसल्या पाहिजेत. आपल्या भाषेत, बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी :-)

४. पायांना डंबेल कमी पडायला लागले तर एका पायावर या. मागचा पाय बेंचवर ठेवून पुढच्या पायाने बैठक मारा, हातात दहा-दहा किलो घेऊन. बार आठवणारही नाही.

५. नट प्रत्येक सेटआधी तपासा. डंबेल डोक्यावर असताना ढिला नट सापडला तर उशीर झालेला असतो.

आणि बार कुणी घ्यावा? ज्याच्याकडे तळमजला किंवा बंगल्याची गच्ची आहे, बार अडवणारा रॅक आहे, शिकवायला कुणी आहे आणि जो वर्षभर डंबेलशी टिकून राहिला आहे त्याने. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मित्राचा रॉड मी महिन्याने परत पाठवला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मला तो अजूनही आवडतो. कधीतरी घेईनही. पण तो माझा शौक असेल, घराची गरज नाही.

हल्ली आमच्याकडे मंगळवार, गुरुवार, शनिवार असा वार ठरलेला आहे. आईने डंबेलचं नाव 'डमरू' ठेवलंय. "अरे, माझं डमरू कुठे ठेवलंस?" अशी हाक आली की समजायचं साडेसहा झाले. डॉक्टर आणि फिजिओ बाईंना विचारून ठरवलेले चारच प्रकार. डमरू छातीशी धरून खुर्चीतून दहादा उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, टेबलावर एक हात टेकून दुसऱ्याने वजन ओढणं, आणि शेवटी पिशवी धरल्यासारखं एका हातात घेऊन पॅसेजमध्ये फेऱ्या. बायकोचे सेट मधल्या वेळात. माझे शेवटी, कारण प्लेट्स बदलायला मलाच सांगतात.

हाडांची पुढची तपासणी व्हायची आहे. तिच्यात काय येईल मला माहीत नाही, आणि नुसत्या वजनांनी सगळं सुधारेल असा माझा दावाही नाही. पण गेल्या शनिवारी आई सोफ्यावरून उठली, हात न टेकता, दोन्ही हातांत चहाचे कप. तिच्या लक्षातही आलं नाही. मी बघत होतो.

शीट मी अजून डिलीट केलेली नाही. फक्त पहिला कॉलम बदललाय. आधी तिथे 'किती उचलता येईल' असं होतं. आता 'कोणाकोणाला उचलता येईल' असं आहे. तुम्ही तुमची शीट उघडाल तेव्हा तिथून सुरुवात करा. अडीच महिने वाचतील.